हातावरचा मद्दू

रविवारी सकाळी आठालाच कवठेवाडीच्या मारुतीसमोर पाय ठेवायला जागा उरली नव्हती. बीदर जिल्ह्याच्या औराद तालुक्यातल्या ह्या एवढ्याशा गावात संतपूरहून टमटम भरून, मेहकरहून ट्रॅक्टर भरून माणसं आली होती. प्रत्येकाच्या एका हातात नारळ आणि दुसरा हात पोटावर. धोंडप्पा महाराज आज मद्दू बघणार होते.

मद्दू काय असतो ते ह्या भागात कुणाला सांगावं लागत नाही. परक्या वाचकासाठी सांगतो. कुणीतरी दावा धरतं आणि जेवणातून आपल्या हातानं काहीतरी खाऊ घालतं. ते पोटात चिकटतं, तिथंच वाढतं, आणि माणूस दिवसेंदिवस वाळत जातो. डॉक्टरच्या कुठल्याही यंत्रात ते दिसत नाही, ही त्याची सगळ्यात मोठी सोय. दिसतं ते फक्त महाराजांना, आणि तेही नारळ पुढं ठेवल्यावर.

महाराजांची पद्धत झटपट होती. बाटलीतला हिरवा रस रोग्याच्या डाव्या तळहातावर ओतायचा, डोळे मिटायचे आणि मंत्र सुरू करायचा, "ॐ ह्रीं मल्लय्या, बीदर, हुमनाबाद, कल्याण, उतर रे इशारी, उतर!" ऐकणाऱ्याला वाटावं, कंडक्टर बस भरतोय. पण पाच-सात मिनिटांत तो पाण्यासारखा रस तळहातावर गोठायचा, थुलथुलीत वडीसारखा. महाराज ती वडी बोटानं हलवून दाखवायचे आणि गर्दीतून "अगंऽ बया!" असा सूर निघायचा.

ह्या गर्दीत डोक्यावरून टॉवेल घेऊन आणि तोंडाला मास्क लावून मुख्याध्यापक नरहरराव उभे होते. आपल्याला कुणी ओळखू नये अशी त्यांची फार इच्छा होती. पण एवढा उंच आणि एवढा वाकून उभा राहणारा माणूस गावात दुसरा नव्हता.

"नमस्कार सर! तुमी बी आलाव व्हय?" शाळा समितीचा अध्यक्ष प्रभुलिंग मोठ्यानं म्हणाला. दोनशे माणसांनी माना वळवल्या.

"नाही, म्हणजे... सहज. बघायला."

"बघायला कामून? दाखवा की! तीन महिने झाले, पोट धरून बसलाव. अण्णा, सरांना वाट द्या रे!"

वाट झाली. नरहरराव बीएस्सी होते. सातवीला पचनसंस्था शिकवताना फळ्यावर रंगीत खडूनं जठर काढत, तेव्हा पोरं जेवायचं विसरून बघत. पण तीन महिने पोटात रोज कुणीतरी पिळा घालत होतं, तोंड आलं की बरं व्हायचं नाव नव्हतं, सर्दी एक गेली की दुसरी हजर होत होती. बायको वृंदा रोज म्हणत होती, "डॉक्टर झाले, आता हेही करून बघा, नुकसान काय?" नुकसान काय, ह्या दोन शब्दांनी आपल्याकडं भल्याभल्यांची डिग्री खुंटीला टांगली आहे.

महाराजांनी रस ओतला. नरहररावांनी डोळे मिटले नाहीत, त्यांना तेवढा तरी विज्ञानाचा मान राखायचा होता. रस त्यांच्या डोळ्यांदेखत गोठला.

"लई मुरलाय," महाराज म्हणाले. "आतड्याच्या तिसऱ्या येढ्यात बसलाय. सर, खरं सांगा, कोणत्या वारी दुखत न्हाई?"

"रविवारी... रविवारी जरा बरं असतं."

गर्दी हलली. महाराजांनी बोट वर केलं. "आयतवारी तो हात लागत न्हाई! बाई हाय. दुपारच्या पारी हाताचं घालायली. नाव मी घेणार न्हाई, माझ्या गुरूची आण हाय. पर नाव तुमच्या मनात आलंय बगा, आत्ताच."

आणि आलं. खरोखरच आलं. नरहररावांना त्या क्षणी स्वतःचीच भीती वाटली. शाळेत रोज दुपारी मुलांना जेवण वाढायच्या आधी मुख्याध्यापकानं ते चाखायचं, अर्धा तास थांबायचं आणि वहीत सही करायची, असा नियम आहे. ते चाखायचं ताट त्यांच्या पुढं आणून ठेवत होती शाळेची स्वैपाकीण पार्वतीबाई.

त्यांनी नाव उच्चारलं नाही. उच्चारायची गरजच पडली नाही. प्रभुलिंग म्हणाला, "शाळेचं जेवण!" आणि दोनशे माणसांच्या नजरा गावाच्या खालच्या अंगाला, भीमनगरकडं गेल्या. तिथं बौद्धांची घरं होती आणि त्यातलं एक पार्वतीबाईचं होतं.

"पुढल्या आयतवारी काढतो," महाराज म्हणाले. "गोळाच बाहेर टाकतो, समद्यांच्या म्होरं."

*

सोमवारी एकशे बारा पोरांपैकी सत्तरजणांनी घरून डबे आणले. अकरा वर्षं शाळेतली पोरं पार्वतीबाईच्या सांबारासाठी रांगेत ढकलाढकली करायची. आता ती डब्यातली कालची भाकरी चावत तिच्याकडं चोरून बघत होती. शाळेत दोघी स्वैपाकिणी होत्या, पार्वतीबाई आणि नेत्रावती. प्रभुलिंगानं येऊन जाहीर केलं की रविवारपर्यंत भांड्याला फक्त नेत्रावतीनं हात लावायचा, पार्वतीबाईनं नुसती खरकटी घासायची, आणि गोळा निघाला की समितीची बैठक घेऊन तिला घरी पाठवायचं.

पार्वतीबाई हात पुसत ऑफिसच्या दारात आली. साठीला टेकलेली, काटक बाई. ती रडत नव्हती.

"सर, तुमी सांगा. मी घातलं का तुमच्या पोटात काई?"

नरहररावांनी खुर्चीत चुळबूळ केली. नाही, एवढंच म्हणायचं होतं. दोन अक्षरं.

"बघू ना," ते म्हणाले. "रविवारी कळेलच."

ती वळली आणि भांडी घासायला गेली. नरहररावांना आपली लाज वाटली. ती त्यांनी लगेच कामाखाली दाबली, कारण तेवढ्यात फोन वाजला होता. तालुका शिक्षण कार्यालयाच्या ग्रुपवर निरोप होता, "अत्यंत तातडीचे. दहा मिनिटांत माहिती भरावी." पोटात पिळा पडला.

बुधवारी तोंडातल्या फोडांनी पाणीसुद्धा पिऊ देईना, तेव्हा ते आरोग्य उपकेंद्रातल्या ज्योत्स्ना सिस्टरकडं गेले. सिस्टर उदगीरकडची, बोलायला फटकळ. तिनं तोंडात टॉर्च मारला, वजन घेतलं, औरादच्या दवाखान्यात केलेल्या तपासण्यांचे कागद उलटेपालटे पाहिले. जखम नाही, गाठ नाही, रक्त बरं.

"मद्दू म्हणे," ती म्हणाली. गावात कळायचं काही राहिलं नव्हतं.

"माझा काही विश्वास नाही तसा..."

"तसा न्हाई, मग कसा हाय? जाऊ द्या. तुमी वह्या लई झकास लिहिताव म्हणे. एक लिहा. कवा दुखलं, किती वाजता, त्याच्या आधी काय खाल्लं, आन त्याच्या आधी काय झालं. शनिवारी दाखवा. गोळी देते, पर वही आणल्याबिगर पुढली गोळी न्हाई."

वही म्हटल्यावर नरहरराव हरले. त्यांनी पट्टीनं रकाने आखले. पुढचे दिवस ते इतक्या टापटिपीनं दुखणं नोंदवत होते की दुखण्यालाही अवघडल्यासारखं झालं असेल.

शनिवारी ज्योत्स्नानं वही वाचली आणि त्यांच्याच हातात परत दिली. "मोठ्यानं वाचा, सर. वर्गात वाचता तसं."

"बुधवार. पाच वाजून दहा मिनिटं, सायंकाळ. कळ. खाल्लं, काही नाही. आधी, अहवाल परत आला. गुरुवार. दहा चाळीस. कळ. खाल्लं, घरचे पोहे. आधी, ग्रुपवर निरोप. शुक्रवार. दहा वीस. कळ, जोरात. खाल्लं, काही नाही. आधी, शाळा जवळच्या शाळेत मिसळणार असल्याची..." ते थांबले.

"शाळेचं जेवण किती वाजता चाखताव?"

"साडेबाराला."

"म्हंजे मद्दू पोटात जायच्या आधीच दोन तास दुखायलाय? लई घाईचा मद्दू हाय मग! आन ह्या हप्त्यात पार्वतीआक्कानं भांड्याला हात लावला का?"

"नाही."

"दुखणं कमी झालं?"

"वाढलं," नरहरराव हळूच म्हणाले.

"आन आयतवारी दुखत न्हाई, कारण आयतवारी तुमचा फोन गप असतो. आता ऐका. पोटाला सोताच्या नसा हायत, जाळंच्या जाळं. डोक्यातली धास्ती त्येला कळते. धास्ती घेतली की अंगात रसायनं सुटतात, अंगाला वाटतं वाघ म्हागं लागलाय. पळायचं असंल तर जेवण पचवायला कुणाला सवड हाय? आतडं कवा आवळतं, कवा नुसतं पळत सुटतं. वाघ असंल तर घटकाभरात निकाल लागतो, तुमी तरी वाचताव न्हाईतर वाघ जेवतो. तुमचा वाघ तीन महिने खिशात हाय आन दहा-दहा मिनिटांनी डरकाळी फोडायलाय."

"आणि ही सर्दी? हे तोंड येणं?"

"आजाराशी झुंजणाऱ्या पेशींचा मोठा गोतावळा आतड्याच्या भिंतीतच राहतो. महिनोन् महिने ती रसायनं उतू चालली की हे शिपाई बी ढिले पडतात. मग साधी सर्दी ठाण मांडून बसते, तोंड आलं की भरत न्हाई. दुखणं खोटं न्हाई, सर. तुमी नाटक करायलाव असं मी म्हणत न्हाई. खरंच दुखायलाय. कारण खोटं सांगितलंय तुमाला."

नरहररावांनी आपल्या डाव्या तळहाताकडं पाहिलं. "पण तो रस? माझ्या डोळ्यांसमोर गोठला तो."

"ते मला ठाव न्हाई," ज्योत्स्ना सरळ म्हणाली. "पर एक सांगा, ज्याच्या हातावर रस गोठला न्हाई, असा एक तरी माणूस बघितलाव का तिथं?"

नरहरराव आठवू लागले. म्हातारे, बाळंतिणी, मेहकरचा धडधाकट ट्रॅक्टरवाला. सगळ्यांच्या हातावर वडी. तुलनेसाठी एक नमुना कोरा ठेवायचा असतो, हे वाक्य ते वीस वर्षं सातवीला सांगत आले होते.

*

तरीही रविवारी ते गेले. प्रभुलिंग मोटारसायकल घेऊन दारात उभा होता आणि नाही म्हणायला जी ताकद लागते ती नरहररावांकडं कधीच फारशी नव्हती. खरं तर मनाचा एक कोपरा अजून कुजबुजत होता, निघालाच गोळा तर? शिकलेल्या माणसाचा असा एक कोपरा असतोच, तिथं सगळे महाराज भाड्याशिवाय राहतात.

आज गर्दी दुप्पट होती. घोंगडीवर महाराज, पुढं तांब्याचं घंगाळ, घंगाळात लिंबाच्या पाल्याचा थर. नरहररावांना आल्या आल्या तांब्याभर कोमट मिठाचं पाणी पाजलं गेलं. मग महाराजांनी बाटली काढली. "आधी बघू, मद्दू वर सरकलाय का."

"माझ्या बी हातावर लावा."

गर्दी बाजूला झाली. पार्वतीबाई पुढं आली, मागं ज्योत्स्ना सिस्टर होती. कुजबुज उठली. प्रभुलिंग ओरडला, "तुझं काय काम हितं?"

"आळ माझ्यावर हाय. काम माझंच हाय." तिनं डावा हात महाराजांपुढं धरला. "लावा की."

महाराज पक्के होते. "घालणारीच्या हातावर चढत न्हाई ते."

"झ्याक. मग चढलं न्हाई तर मी घालणारी. समद्यांच्या म्होरं ठरंल. लावा."

आता माघार घ्यायची कशी? दोन्ही हातांवर रस पडला, नरहररावांच्या आणि पार्वतीबाईच्या. मंत्र झाला, हुमनाबाद झालं, कल्याण झालं. पाच मिनिटं गेली. पार्वतीबाईनं तळहात तिरका केला. वडी हलली, पण सांडली नाही.

"चढला की!" कुणीतरी म्हणालं.

"हिला बी कुणीतरी घातलाय!" महाराज ताडकन म्हणाले. "लई वाईट गाव हाय तुमचं!"

एवढ्यावर थोडे लोक हसले. पार्वतीबाईनं तळहात नाकाशी नेला, वास घेतला, आणि तिच्या चेहऱ्यावर एकदम ओळख पटल्यासारखं काहीतरी आलं. तिनं महाराजांच्या मांडीजवळची बाटली उचलली आणि उरलेला रस मारुतीच्या पारावरच्या एका खोलगट दगडात ओतला.

"थांबा रे जरा. पाच मिनिटं," ती म्हणाली.

"अपवित्र! अपवित्र केलं!" महाराज ओरडले. पण गर्दीचं लक्ष आता दगडाकडं होतं. माणसं चवड्यावर बसली, पोरं वाकली. पाच मिनिटांत दगडातही हिरवी वडी तयार झाली.

"ह्या दगडाला कुणी खाऊ घातलं, महाराज?" पार्वतीबाई म्हणाली. "ही वासनवेल हाय रे बाबांनो! कुंपणाकुंपणावर असते. पाला पाण्यात चुरगाळा, गाळा, ठिवा, आपोआप गोठतो. ढोरं राखायला जायचो तवा साखर घालून खायचो आमी. उनाचं गार वाटतं." आणि तिनं तळहातावरची वडी सगळ्यांदेखत तोंडात टाकली. "साखर पायजे होती."

गर्दीत हशा फुटला. तो हशा म्हणजे महाराजांच्या धंद्यावर कोसळलेली भिंत होती, आणि ते त्यांना कळलं. त्यांनी नरहररावांची मान धरून घंगाळावर वाकवली. "सर, ओका! आत्ताच ओका! गोळा वर आलाय!"

"थांबा," पार्वतीबाई म्हणाली आणि घंगाळ ओढून घेतलं. "पाला घालून ठिवलेलं भांडं, धुतलंय का ते बी ठाव न्हाई. मी असलं भांडं कामाला घेत न्हाई." अकरा वर्षांच्या सवयीनं तिनं पाला उपसून बाजूला टाकला आणि बोटं घंगाळाच्या बुडाशी फिरवली. काहीतरी हाताला लागलं. तिनं ते वर धरलं. केसांचा, चिंचेचा आणि गुळाचा, लिंबाएवढा काळा गोळा.

"हे घ्या, सर. तुमच्या पोटातलं. तुमी वांती करायच्या आधीच निघालं बगा."

नरहररावांना काही बोलायचं होतं. पण तांब्याभर मिठाचं पाणी कुणाच्या प्रतिष्ठेसाठी थांबत नाही. घंगाळ समोर उरलं नव्हतं, म्हणून ते महाराजांच्या घोंगडीवर भडभडा ओकले. सगळं गाव वाकून बघू लागलं. सकाळचे पोहे होते. दोन शेंगदाणे होते. एक कढीपत्त्याचं पान होतं. मद्दू नव्हता.

ज्योत्स्ना फोन कानाला लावून पोलिसांना पत्ता सांगत होती. ती "मारुतीचा पार" म्हणेपर्यंत महाराज घोंगडी टाकून, एक चप्पल टाकून, हुमनाबादच्या दिशेनं पसारही झाले होते.

*

सोमवारी नरहररावांनी पालकांना शाळेत बोलावलं. शाळेच्या पटांगणात दीडशे माणसं जमली. प्रभुलिंग मागच्या ओळीत मान खाली घालून बसला होता. पार्वतीबाई स्वैपाकघराच्या दारात उभी होती. नरहररावांनी फोन बंद करून टेबलावर ठेवला. त्यांचं पोट त्या वेळीही दुखत होतं, पण आता का दुखतंय हे त्यांना ठाऊक होतं.

"पोट दुखलं की तपासून घ्या," ते म्हणाले. "काळजी, धास्ती, अपमान, हे सगळं पोटात उतरतं, अंगाची ताकद कमी करतं. त्यात लाजायचं काही नाही. डॉक्टरला सांगा, घरात बोला, झोप घ्या, कामाचा जाच असेल तर वर सांगा. मीही सांगणार आहे. पण दुखण्याचं कारण शेजाऱ्याच्या हातात शोधू नका. कुणी पुरावा दाखवला तर एवढंच विचारा, हे सगळ्यांच्या बाबतीत असंच होतं का? दगडावरसुद्धा होतं का? एवढं विचारायला बीएस्सी लागत नाही. मी बीएस्सी असून विचारलं नाही."

टाळ्या पडल्या. पुष्कळ भाषणं अशा जागी संपतात. नरहररावांनी हात वर करून टाळ्या थांबवल्या.

"अजून एक आहे. महाराजानं कुणाचंच नाव घेतलं नव्हतं. शाळेत एकाच पातेल्यात दोघींचे हात असतात. मीठ नेत्रावती घालते, डाळ पार्वतीबाई घालतात. महाराजानं 'बाई' म्हटल्यावर माझ्या मनात नेत्रावतीचं नाव आलं नाही. तुमच्याही आलं नाही. तुम्ही सगळ्यांनी भीमनगरकडं पाहिलंत. मीही पाहिलं. ते आपल्याला कुणी खाऊ घातलं होतं?"

नरहरराव दाराकडं वळले, त्यांनी हात जोडले.

"पार्वतीबाई, माझं चुकलं."

पार्वतीबाईनं डोक्यावरचा पदर नीट केला. तिचा आवाज मोठा नव्हता, पण मागच्या ओळीपर्यंत गेला.

"ते खरं हाय, सर. पर मी तुमाला म्हागल्या सोमवारी इचारलं हुतं. तवा तुमी न्हाई म्हणला असताव, तर मला मारुतीपातूर जावं लागलं नसतं. एक हप्ता माझी नात शाळेत आली न्हाई. पोरं तिला मद्दूवाली म्हणायलीत. तिला कोण सांगणार?"

नरहररावांनी चपला घातल्या आणि तसेच, भर दुपारी, सगळ्या गावादेखत भीमनगरकडं चालू लागले. थोड्या वेळानं नेत्रावती उठली, मग दोन पालक उठले, मग प्रभुलिंग.